घंटेची वाटणी

देश तोफेनं फुटला, असं सगळे सांगतात.
मी सांगते, आधी आमचं चर्च फुटलं.
ओहायो नदीच्या अलीकडे, केंटकीत,
स्ट्राउड्स लँडिंग गावात,
पहिल्या तोफेच्या सोळा वर्षं अगोदर,
एका बुधवारी, भर दुपारी.

प्रश्न एवढासाच होता:
धर्माच्या माणसानं माणूस विकत घ्यावा का?
बायबल एकच. पानही तेच.
बोटं तेवढी वेगवेगळ्या ओळींवर.
डीकन व्हिटलॉक टोपी घेऊन उठले,
त्यांच्यामागून एकोणीस घरं उठली.
हायरम स्ट्राउड बसून राहिले,
त्यांच्याबरोबर अकरा घरं बसून राहिली.
सोयरिका मोडल्या. कुणाची तरी शिंकही
कुणी "देव भलं करो" म्हणून झेलली नाही.

मग वाटणी.
कारकून आणला गेला, शाई आणली गेली.
बाकं बावीस, अकरा-अकरा.
रुप्याचा प्याला, कडेला पोचा आलेला, दक्षिणवाल्यांना.
घंटा, फिलाडेल्फियात ओतलेली, चारशे दहा पौंड, तीही त्यांनाच.
आणि घंटेखालच्या ओळीत:
टॅमर, वय अंदाजे एकवीस, दात चांगले.

हो, मी चर्चच्या मालकीची.
कुणी म्हातारी मरताना मला दान करून गेली होती.
दर नव्या वर्षी मला भाड्यानं देत
नदीकाठच्या दोरखंडाच्या कारखान्याला.
मी उलट्या पावलांनी चालत ताग वळायची,
दिवसाला कितीतरी मैल, मागे मागे,
आणि त्या भाड्यातून निघायचा पाद्रीबाबांचा पगार.
ते करुणेवर फार छान बोलत.

उत्तरवाले माझ्या नावापाशी थांबले.
म्हणाले, आम्हांला माणूस नको. ते पाप आहे.
मला वाटलं, आता काहीतरी होणार.
खिडकीतून नदी दिसत होती.
मग त्यांच्यातला एक खाकरला, म्हणाला,
तिची निम्मी किंमत मात्र रोखीनं द्या.

त्या पैशातून त्यांनी नवी घंटा आणली.
टेकडीवर नवं चर्च, पांढरंशुभ्र, पापाशिवायचं.
दर रविवारी दोन घंटा वाजायच्या,
एकीचा टोल दुसरीच्या शेपटीवर पाय ठेवायचा.
मी खाली उभी राहून ऐकायची:
ही माझी निम्मी, ती माझी निम्मी.

पुढचं तुम्हांला माहीत आहे.
दक्षिणवाल्यांची घंटा गाडीत घालून नेली,
वितळवून तोफ केली म्हणतात.
व्हिटलॉकांचा लेम्युएल करड्या कोटात गेला,
आसा निळ्या कोटात,
आणि त्यांची आई दोन खिडक्यांत दोन दिवे लावायची,
एकमेकांना दिसू नयेत असे.

माझा जोथम अठराव्या वर्षी पलटणीत गेला.
लिहून घेणाऱ्यानं विचारलं, आडनाव?
ते आमच्याकडे नव्हतं.
वाटेत नदी ओलांडून देणाऱ्या नावाड्याचं
त्याला आठवलं, तेच त्यानं सांगितलं.
परत आला तो कागद. त्यावर ते आडनाव होतं,
स्पेलिंग चुकलेलं.

युद्ध संपल्यावर, नाताळच्या आसपास,
मी टेकडी चढून गेले.
म्हटलं, माझी निम्मी घंटा द्या.
ते रागावले नाहीत. खुर्ची दिली.
एकानं समजुतीनं सांगितलं,
टॅमर, कापलेली घंटा वाजत नाही.

म्हटलं, मला ठाऊक आहे.

मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.
वर बघितलं तर दोर लोंबत होता.
तीन पदरी, डावा पीळ.
डावा पीळ त्या काठावर मी एकटीच द्यायचे.
म्हटलं, बरं, मग दोर तरी माझा.
शिडी मीच लावली, गाठ मीच सोडली.

आता अंगणात दोन झाडांमध्ये बांधलाय.
कपडे वाळत घालते त्यावर.